एक कमी, एक जास्त

शिक्षण मंडळाच्या मुख्य कचेरीत तिसऱ्या मजल्यावर, जिन्याला लागून असलेल्या खोलीत समानराव बसत. हे त्यांचं पाळण्यातलं नाव नव्हे. ते पगाराच्या कागदावरच उरलं होतं. 'समानराव' हे नाव कचेरीतल्या टंकलेखिकेनं ठेवलं आणि ते इतकं चिकटलं, की एकदा खुद्द अध्यक्षबाईंच्या तोंडून भर बैठकीत निसटलं. समानराव रागावले नाहीत. उलट जरा फुगलेच, असं टंकलेखिका सांगते.

माणूस तसा होताच. कपाटात एकाच रंगाचे, एकाच कापडाचे सदरे. घरात कपबशा सगळ्या एका घाटाच्या. थोरल्या बहिणीच्या कपाचा कान तुटला, तेव्हा समानरावांनी उरलेल्या कपांचेही कान तोडून टाकले, असं शेजारीण शपथेवर सांगते. आता शेजारणीच्या शपथेला काय अर्थ आहे म्हणा! पण त्या घरातले कप बिनकानाचे आहेत, हे तिथं चहा प्यायलेल्या प्रत्येकानं पाहिलंय आणि बोटं भाजून घेतली आहेत.

हसण्याआधी एक गोष्ट ऐकून घ्या. समानराव आणि त्यांची ताई लहानपणी ज्या शाळेत शिकले, ती एका खोलीची आणि एका मास्तरांची. लोक अशा शाळांची आठवण काढून डोळे पुसतात: काय तो जिव्हाळा, मास्तर प्रत्येक मुलाला नावानं ओळखायचे! खरं आहे, ओळखायचे. नाव ओळखायचे, बापाची ऐपत ओळखायचे आणि त्या हिशेबानं जागा द्यायचे. ऐपतवाल्यांची पोरं खिडकीशी उजेडात, बाकीची दाराच्या फटीशी वाऱ्यात. हजेरी घेताना प्रत्येक नावाला शेपूट लावायची मास्तरांना भारी हौस. ताई काकांचा जुना कोट कापून शिवलेला घालायची, बाह्या तरी बोटांपर्यंत यायच्या. मास्तर रोज विचारायचे, "आमच्या कोटवाल्या बॅरिस्टर आल्यात का?" वर्ग खदखदायचा. ताईचा 'हजर' दिवसागणिक बारीक होत गेला आणि एक दिवस बंदच झाला. ती पुन्हा शाळेत गेली नाही. धाकटा भाऊ मात्र जात राहिला. त्या खिदळण्यात एकदा तोही हसला होता की नव्हता, हे ताईनं कधी विचारलं नाही आणि त्यानं कधी सांगितलं नाही.

हा माणूस पुढे मंडळात कारकून म्हणून चिकटला आणि चढत चढत तिसऱ्या मजल्यावर पोचला. शहरातल्या विखुरलेल्या शाळा गोळा करून एकच मोठं मंडळ झालं, त्यात त्यांचा हात मोठा. कालव्यापलीकडच्या वस्तीतल्या मुलांना पहिल्यांदाच बसायला बाक मिळाले, डोक्यावर न गळणारं छप्पर मिळालं, डोळे तपासायला डॉक्टर आला. हे विसरून समानरावांची टिंगल करणाऱ्यानं आधी आपल्या पायाखाली बघावं. पण चांगल्या कामाची माणसाला चटक लागते. मग फाटकं सगळी हिरवी झाली. पहिलीचा वर्ग प्रत्येक शाळेत डावीकडून दुसराच. मुलींच्या रिबिनी एका रंगाच्या. धडा सगळीकडे एकाच दिवशी एकाच पानावर. आणि शेवटी समानरावांनी हजेरी काढून टाकली.

"नावं घेण्यात वेळ जातो," त्यांनी बैठकीत सांगितलं. "शिवाय नाव घेतलं की माणूस नावाला काहीतरी जोडतो. बाईंनी डोकी मोजावी, आकडा कळवावा, शिकवायला लागावं. नावं आठवड्यातून एकदा, शुक्रवारी लावावी."

सगळ्या शाळांचे आकडे कचेरीत येत, त्यांची बेरीज होई आणि ती रोज सकाळी समानरावांच्या टेबलावर येई. ती बरोबर आली की त्यांना चहा गोड लागे.

घरी आल्यावर ताई म्हणायची, "काय रे, किती मेंढरं आली आज कळपात?"

"ताई, मुलं आहेत ती."

"मुलं होय? मला वाटलं, मोजतोस म्हणजे मेंढरंच असतील."

यंदा समानरावांची नात पहिलीत गेली. घरात तिला भिंगरी म्हणत, कारण ती एका जागी टिकत नसे. मुलगा नोकरीसाठी परगावी, म्हणून सूनबाई आणि भिंगरी आजोबांकडेच राहायच्या. नात मंडळाच्याच शाळेत जाणार, यावर समानराव अडून बसले. "दुसऱ्यांच्या पोरांना जे चालतं, ते माझ्या नातीला चाललंच पाहिजे." या एका वाक्यासाठी तरी माणसाला मान द्यायला हवा. मंडळातल्या कितीतरी साहेबांची पोरं दुसरीकडेच शिकत होती.

भिंगरीला जाड भिंगांचा चष्मा होता. त्या मंगळवारी सकाळी घाईघाईत तो चष्मा घरीच राहिला, आरशापुढच्या फळीवर. सूनबाईंना तो बस गेल्यावर दिसला. हातातलं काम उरकून त्या मधल्या सुट्टीच्या सुमाराला चष्मा घेऊन शाळेत गेल्या, डावीकडून दुसऱ्या वर्गाच्या दारात उभ्या राहिल्या. आत रिबिनींची रांगच रांग, पण त्यात भिंगरी नव्हती.

"बाई, माझी मुलगी दिसत नाही."

बाईंनी फळ्याच्या कोपऱ्यातला आकडा पाहिला. "हो, आज एक कमी आहे."

"कोण कमी आहे?"

"ते शुक्रवारी कळतं," बाई म्हणाल्या. बाई काही दुष्ट नव्हत्या. मंडळाचा नियम तसाच होता.

 सूनबाईंनी तिथूनच फोन लावला.

"बाबा, भिंगरी शाळेत नाहीये."

"नाहीये म्हणजे? बसमध्ये बसवलीस ना?"

"माझ्या हातानं बसवली हो! बसबरोबरची मावशी म्हणते, सगळी मुलं उतरली, बस रिकामी होती. पण ती मावशी आजच या बसवर आलीय, तिला कोण कोण ते माहीतच नाही. बाबा, शाळेमागं कालवा आहे..."

"कालव्याचं नाव काढू नकोस," समानराव म्हणाले आणि त्यांनी फोन ठेवला.

नेहमीच्या सवयीनं त्यांनी आकडेवाल्या कारकुनाला हाक मारली. कारकून धावत आला, बघून म्हणाला, "साहेब, काळजीचं कारण नाही. बेरीज तंतोतंत आहे. एका शाळेत एक कमी, एका शाळेत एक जास्त. मंडळात एकही मूल कमी नाही."

हे ऐकून समानरावांना क्षणभर बरं वाटलं. मग आपल्याला बरं वाटलं, याचीच त्यांना शरम वाटली.

"जास्त कुठल्या शाळेत?"

कारकुनाचा चेहरा पडला. "आकडे गटानं येतात ना साहेब. कालव्याच्या पट्ट्यातल्या शाळांचा एकच गट. तुम्हीच केलाय."

कालव्याच्या पट्ट्यात शाळा काही थोड्याथोडक्या नव्हत्या. समानराव गाडीत बसले. चालकाला त्यांनी बसच्या वाटेनं घ्यायला सांगितलं. एकच बस कालव्याच्या पट्ट्यातल्या शाळाशाळांशी थांबत मुलं सोडत जाई. नात फार लांब गेली नसेल, वाटेतल्याच कुठल्यातरी फाटकाशी उतरली असेल, एवढा विचार त्यांना जमला. डाव्या हाताला कालव्याचं पाणी शांत वाहत होतं. समानराव मान उजवीकडे वळवून बसले होते, तरी डोळे पुन्हापुन्हा तिकडेच जात होते. पाण्यावर लाल काहीतरी तरंगताना दिसलं आणि त्यांनी गाडी थांबवली. डबा होता, पत्र्याचा. चालकानं तो पाहिला आणि साहेबांकडे पाहायचं टाळलं.

वाटेवरची पहिलीच शाळा. हिरवं फाटक, पायऱ्या, व्हरांडा, डावीकडून दुसरा वर्ग. समानराव न विचारता पोचले. मंडळाच्या शाळेत वाट विचारावी लागत नाही, ही त्यांचीच किमया. दारात उभे राहिले. सगळी मुलं पानावर बोट ठेवून एका सुरात वाचत होती. भिंगरीच्या वर्गात चालला होता तोच धडा, तेच पान. रिबिनी सारख्या, माना सारख्या खाली.

"काही हवंय का साहेब?" बाईंनी दबकत विचारलं.

"एखादं मूल नवीन दिसतंय का तुमच्या वर्गात?"

"साहेब, मीच नवीन आहे. गेल्याच आठवड्यात बदली झाली माझी. मला सगळीच नवीन."

समानरावांनी रांगांवरून नजर फिरवली. आपली नात कशी दिसते, हे ते आठवू लागले आणि आठवेना. चष्म्यावाचून तिचा चेहरा त्यांनी नीट पाहिलाच नव्हता. घरी ती दिसायची ती धावताना, लोंबकळताना, ओरडताना. मान खाली घालून बसलेली भिंगरी त्यांच्या ओळखीची नव्हती. त्यांनी पुन्हा एकदा पहिल्या बाकापासून शेवटच्या बाकापर्यंत पाहिलं आणि ते निघून गेले.

ती तिथंच होती, मधल्या रांगेत, भिंतीकडेला.

पण हे समानरावांना ठाऊक नव्हतं. ते पुढच्या शाळेत गेले, त्याच्या पुढच्या शाळेत गेले. तेच फाटक, तेच दार, तेच पान. आपण पुढे जातोय की त्याच शाळेत गोल गोल फिरतोय, हे त्यांना कळेनासं झालं. एका ठिकाणी त्यांनी चालकाला विचारलंसुद्धा, "इथे आपण मघाशी आलो होतो का?" चालक म्हणाला, "काय सांगू साहेब, मलाही तेच वाटतंय." सूनबाईंचे फोनावर फोन येत होते. 

आणि मग ताईचा फोन आला.

"सापडली का?"

"शोधतोय ताई. बेरीज बरोबर आहे, म्हणजे ती मंडळातच आहे, कुठल्या तरी..."

"मुडदा बशिवला तुझ्या बेरजेचा! अरे, हरवलेल्या पोराला माणूस आधी हाक मारतं. तू हाक मारलीस का?"





"वर्गात धडा चालू होता," समानराव म्हणाले आणि आपण काय बोललो, हे त्यांनाच ऐकवेना.

गाडी कचेरीकडे फिरली. तिथं तळमजल्यावर एक खोली होती. त्या खोलीतून मंडळाच्या प्रत्येक वर्गातल्या भिंतीवरच्या पेटीत आवाज पोचवता येई. ही सोयही समानरावांचीच. वर्षारंभी अध्यक्षबाईंचं भाषण तिथून होई, मग वर्षभर कुलूप. अध्यक्षबाईंच्या सहीशिवाय ती उघडायची नाही आणि कुणाच्या व्यक्तिगत कामासाठी तर मुळीच नाही, असा नियम दारावरच चिकटवलेला. खाली सही समानरावांची.

किल्लीवाला म्हणाला, "साहेब, अध्यक्षबाई बैठकीत आहेत. परवानगी..."

"उघड."

"साहेब, नियम..."

"नियम मी केलाय रे बाबा! उघड की!" असा आवाज समानरावांच्या गळ्यात आहे, हे कचेरीला त्या दिवशी कळलं.

बोलायला बसले आणि सवयीनं घसा खाकरला. "सर्व शाळांना कळविण्यात येते, की इयत्ता पहिलीतील एक विद्यार्थिनी आपल्या नियोजित शाळेऐवजी अन्य शाळेत उपस्थित असण्याची शक्यता आहे. संबंधित विद्यार्थिनीने आपल्या शिक्षिकेकडे..."

प्रत्येक वर्गात मुलांनी मान वर करून पेटीकडे पाहिलं आणि पुन्हा खाली घातली. संबंधित विद्यार्थिनी म्हणजे आपण, असं पहिलीतल्या कुठल्या मुलीला वाटणार? समानराव फोनाकडे बघत बसले. वाजला नाही.  दारात टंकलेखिका, कारकून, किल्लीवाला, सगळे जमले होते.

मग समानरावांनी डोळे मिटले.

"भिंगरे," ते म्हणाले. "अगं ए भिंगरे! कुठं आहेस बाळा? आजोबा बोलतोय. तुझा चष्मा आईकडे आहे. तुला कुणी रागावणार नाही. तुला बाकावर उभं राहायला आवडतं ना? राहा बघू उभी बाकावर. मोठ्यांदा ओरड. भिंगरे, ओ दे गं..."

शहरातल्या यच्चयावत वर्गांत हे ऐकू गेलं. दहावीची दांडगी पोरंही हसली नाहीत म्हणतात. आणि कालव्याच्या वाटेवरच्या पहिल्या शाळेत, डावीकडून दुसऱ्या वर्गात, मधल्या रांगेतली एक मुलगी बाकावर चढली आणि भिंतीवरच्या पेटीवर खेकसली, "मी इथंच आहे ना! केव्हाची!"

घरी आल्यावर सूनबाईंनी तिला जी मिठी मारली ती सोडेचनात. भिंगरीला त्या मिठीचा कंटाळा आला.

"अगं, पण तू तिथं उतरलीस कशाला?" ताईनं विचारलं.

"सगळ्या उतरल्या म्हणून. फाटक हिरवं होतं. माझा बाक पण होता तिथं. धडा पण आमचाच."

"पण बाई तुझ्या नव्हत्या ना? त्यांनी विचारलं नाही, कोण गं तू म्हणून?"

"आमच्या बाई पण नाही विचारत," भिंगरी म्हणाली. मग आजोबांकडे वळून, "आणि तू आला होतास ना रे तिथं? दारात?"

समानराव खुर्चीत ताठ झाले. "तू बघितलंस मला?"

"अंधुक दिसलं. मला वाटलं आजोबा आहेत. पण तू माझ्याकडे बघितलंस आणि गेलास. मग मला वाटलं, दुसऱ्याच कुणाचे तरी आजोबा असतील."

त्या संध्याकाळी बिनकानाचा कप समानरावांच्या हातात गार झाला.

सूनबाई भिंगरीला घेऊन आत गेल्यावर ते म्हणाले, "ताई, हजेरी परत आणावी म्हणतो. पण तुला त्या हजेरीनंच शाळेबाहेर काढलं. ते मी विसरलो नाही."

"मास्तर मेला वाईटच होता," ताई म्हणाली. "पण मी जायची बंद झाले तेव्हा घरी कोण आलं होतं, आठवतं? तोच आला होता. दारात उभा राहून बाबांना शिव्या दिल्या, मला कोटवाली म्हणाला, आणि उद्या पाठवा म्हणाला. मी कोठीत लपले होते. नाही गेले, ते वेगळं. पण आला होता. तुझ्या मंडळातून कोण येतं रे?"

समानरावांना ते आठवत नव्हतं. त्यांना फक्त हसणं आठवत होतं.

पुढे बैठक झाली. अध्यक्षबाईंनी कुलपाच्या नियमावरून कडक शब्द सुनावले, मग म्हणाल्या, "एका मुलीसाठी अख्खी पद्धत बदलायची? तुम्हीच म्हणाला होतात, नावं घेण्यात वेळ जातो."

"हो. तो एकेका मुलीसाठीच जातो," समानराव म्हणाले. एवढं सोडून त्यांना काही पटवून देता आलं नाही. पण वर्गावर्गांतली ती हाक घरी आलेल्या पोरांकडून आईबापांच्या कानावर गेली होती आणि ते पोरांच्या शाळेत जाऊन विचारायला लागले होते, 'आमचं पोरगं तुम्हाला ओळखू येतं का?' त्या प्रश्नाला मंडळ भ्यालं. हजेरी परत आली. अर्थात मंडळाच्या चालीनं: सगळ्या शाळांत एकाच वेळी, एकाच क्रमानं, नावाखेरीज एक शब्द न बोलता. ती आखणीही समानरावांकडेच आली आणि त्यांनी ती बिनचूक करून दिली. माणूस इतका कुठं बदलतो?

पहिल्या दिवशी ते भिंगरीच्या शाळेत गेले. बाई भराभर नावं घेत होत्या, नजर हातातल्या यादीवर. भिंगरीचं नाव आलं, "हजर" आलं, नाव गेलं. बाईंची मान वर झालीच नाही. समानरावांचा हात खिशातल्या पेनाकडे गेला: 'नाव घेताना मान वर करावी', असा एक नियम... हात तिथंच थांबला.

तेवढ्यात एका नावाला उत्तर आलं नाही. बाईंनी खूण केली आणि पुढचं नाव घेतलं.

"बाई, थांबा. ते मूल कुठं आहे?"

"गैरहजर आहे साहेब."

"हो, पण कुठं आहे?"

बाईंनी आता मान वर केली. त्यांच्या चेहऱ्यावर भीती नव्हती, नुसता थकवा होता. "साहेब, अजून निम्मा वर्ग बाकी आहे. मी कुठं कुठं जाऊ?"

  अशी न आलेली उत्तरं आत्ता या घटकेला किती वर्गांत असतील, याची बेरीज समानरावांच्या डोक्यात सुरू झाली आणि त्यांनी ती जोर करून थांबवली. पत्ता विचारून घेतला, कचेरीला उशीर होईल असा निरोप ठेवला आणि चालत निघाले, कालव्याच्या कडेकडेनं.

दार एका बाईनं उघडलं. आत पलंगावर गाल सुजलेलं एक पोर गळपट्टा गुंडाळून बसलं होतं आणि दाराकडे टकामका बघत होतं.

"कोण पाहिजे?" बाईनं संशयानं विचारलं. "तुम्ही कोण?"

"मी मंडळातून..." समानरावांनी सुरुवात केली, हुद्दा ओठांवर आला होता. तेवढ्यात पलंगावरचं पोर सुजल्या गालांनी ओरडलं, "आई, आवाज ऐक ना त्यांचा! ते पेटीतले आजोबा आहेत!"

हुद्दा ओठांवरच राहिला. समानराव उंबऱ्याशी उभे राहिले आणि त्यांनी त्या पोराला नावानं हाक मारली.